पट्ट्यावर दोघांची नावं
(पाड्यांच्या एकत्र सभेत केलेलं भाषण)



वनहक्काचे दावे भरायला आम्ही पाड्या-पाड्यांत बसतो. बाईला विचारतो, "तू काय काम करतेस?" ती म्हणते, "काय नाय, घरीच असते." राबासाठी फांद्या तिनं डोक्यावर आणल्या, आवणी तिनं केली, गवत तिनं काढलं, झोडणीला ती उभी राहिली. तरी म्हणते, काय नाय. हे तिला कोणी शिकवलं?

एका दिवसात कोणी शिकवत नाय. पोरगी सहा-सात वर्षांची झाली की तिच्या कडेवर भाऊ देतात, डोक्यावर हंडा देतात. पोराला बैलांमागं धाडतात. पोरगा रडला तर, "बाईसारखा काय रडतो?" पोरगी बोलली तर, "लई बोलते." दहा-बारा वर्षं हेच ऐकलं की मन तेच खरं मानतं. मग सभेत तिला गप्प करावं लागत नाय, ती आपणच मागं भिंतीशी बसते. बाप्यालाही वाटतं, बाईला बोलताच येत नाय. शिकवलेली गोष्ट जन्माची वाटायला लागते.

नांगराचं बघा. बाईनं नांगराला हात लावला तर पाऊस रुसतो, असं पुष्कळ गावांत मानतात. मग म्हणतात, नांगर धरतो त्याची जमीन. आधी हात लावू द्यायचा नाय, नि मग हात लावला नाय म्हणून हक्क नाय! "कसेल त्याची जमीन" ही आपली घोषणा. कसणं म्हणजे नुसतं नांगरणं नाय. पेरण्यापासून घरात दाणा येईपर्यंत सगळं कसणंच. म्हणून, कसेल तिचीही जमीन.

काही जण म्हणतात, ही आपली रीत आहे. मग रीत नीट बघू. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते, ती बाईच. धान्याची देवी कणसरी, तीही बाईच. लग्न लावायला बाई चालते, देवी म्हणून चालते, मग मालकीण म्हणून का नाय?

सगळ्यात वाईट गत विधवेची. नवरा मेला की दीर-पुतणे म्हणतात, हिला जमीन कशाला? ती हटली नाय, की कुठं तरी पोर आजारी पडतं, बैल मरतो, नि भगताच्या तोंडून तिचं नाव येतं: भुताळी. ती गाव सोडून गेली की शेत कोणाच्या हाती जातं, तेवढं बघा. बाईला भुताळी ठरवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

२००६ चा वनहक्क कायदा कलम ४(४) मध्ये साफ सांगतो: पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं. एकटी बाई घर चालवत असेल, तर तिच्या एकटीच्या नावानं. ही जमीन वारसाला जाते, विकता येत नाय. वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बाया पाहिजेत. ग्रामसभेला हजर असतील त्यांच्यातही तेवढ्या पाहिजेत. नुसते अंगठे घेऊन ही गणती भरायची नाय.

तर एवढं करू:
१. दाव्यात बायकोचं नाव लिहिल्याशिवाय कागद पुढं धाडायचा नाय.
२. पट्टा हातात आला की दोन्ही नावं वाचून घ्यायची. एकच असेल तर ग्रामसभेत मांडायचं.
३. पुराव्याला म्हाताऱ्या माणसांचे जबाब चालतात. म्हाताऱ्या बायांचेही घ्यायचे. कोणतं शेत कोणी कधी काढलं, त्यांना पाठ आहे.
४. पुढल्या सभेत बाया पुढं बसतील, आधी बोलतील.

जंगल-जमीन आपली म्हणतो, त्या 'आपली'त अर्ध्या बाया आहेत. जिंदाबाद!