हे पैसे कुठल्या खात्यावर टाकले?



सरकारी वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खुनाचा खटला चालवणारा, साक्षीदाराला उलटतपासणीत घाम फोडणारा वकील येतो. पण सरकारच्या पदरी आणखी एका प्रकारचे वकील असतात. ते सेबीत असतात, रिझर्व्ह बँकेत असतात, स्पर्धा आयोगात असतात. त्यांच्या टेबलावर ताळेबंद असतात, संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्तं असतात, बँकेचे उतारे असतात. त्यांचं नाव सहसा पेपरात येत नाही. आपल्या म्युच्युअल फंडातले, प्रॉव्हिडंट फंडातले पैसे शाबूत राहतात त्यात त्यांचा मोठा वाटा असतो, आणि तरीही कायद्याच्या विद्यार्थ्यांना या कामाबद्दल कुणी फारसं सांगत नाही. म्हणून आज अशा एका वकिलाची गोष्ट सांगतो. माणूस अमेरिकेतला, नाव स्टॅन्ली स्पॉर्किन.

जन्म १९३२ सालचा, फिलाडेल्फियाचा. वडील न्यायाधीश. येल विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली, आणि त्याचबरोबर ते हिशेबनीसही झाले, आपल्याकडच्या सीएसारखे. कलमं पाठ असलेले वकील पुष्कळ असतात, पण रोजकीर्द आणि खतावणी समोर ठेवली तर कुठं पाणी मुरतंय हे ओळखणारा वकील क्वचित सापडतो. स्पॉर्किन तसे होते.

१९६१ मध्ये ते अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनमध्ये, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेत आले. बाजाराच्या कारभाराचा एक विशेष अभ्यास तेव्हा सुरू झाला होता, त्यासाठी त्यांना घेतलं होतं. दोन वर्षांत अभ्यास संपला, पण स्पॉर्किन तिथंच राहिले आणि १९७४ मध्ये अंमलबजावणी विभागाचे प्रमुख झाले.

त्याच्या आदल्या वर्षी, १९७३ च्या उन्हाळ्यात, सगळी अमेरिका टीव्हीसमोर बसून वॉटरगेटची सुनावणी बघत होती. अध्यक्ष निक्सन यांच्या निवडणुकीसाठी आम्ही कंपनीचे पैसे दिले, अशी कबुली मोठमोठ्या कंपन्यांचे अधिकारी देत होते. कंपनीच्या पैशातून राष्ट्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला देणगी देणं तिथं १९०७ पासून गुन्हा आहे. बघणाऱ्यांच्या मनात राजकारण होतं. निक्सन जातात की राहतात, याचीच चर्चा. स्पॉर्किन यांच्या मनात आलं ते वेगळंच. हे पैसे कंपनीच्या वहीत कुठल्या खात्यावर टाकले असतील?

श्रोतेहो, या प्रश्नाची ताकद लक्षात घ्या. लाच देणारा माणूस वहीत ‘लाच’ असं कधीच लिहीत नाही. तो सल्लागाराची फी लिहितो, प्रवासखर्च लिहितो, किरकोळ खर्च लिहितो. म्हणजे पैसा बाहेर गेला असेल तर वहीत कुठंतरी खोटी नोंद असलीच पाहिजे. आणि वही खोटी असेल, तर त्या वहीवरून तयार झालेला ताळेबंद वाचून शेअर घेणाऱ्या प्रत्येक माणसाची फसवणूक झाली. लाच कुणाला दिली, कुठल्या देशात दिली, तिथला कायदा काय म्हणतो, यातलं काहीही सिद्ध न करता शेअर बाजाराच्या वकिलाला दार उघडं झालं!

त्यांनी आपल्या माणसांना कामाला लावलं. गल्फ ऑइल या तेल कंपनीच्या चौकशीत असं निघालं की बहामा बेटांवर तिची एक उपकंपनी होती. मुख्य कंपनीकडून तिथं पैसे जायचे ते धंद्याचा खर्च म्हणून, आणि तिथून रोख रक्कम माणसाहाती परत अमेरिकेत यायची, राजकारण्यांत वाटायला. १९६० पासून एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम अशी फिरली होती. मार्च १९७५ मध्ये कमिशननं गल्फवर दावा लावला.

त्याच सुमारास युनायटेड ब्रँड्स या केळ्यांच्या कंपनीचे प्रमुख ईलाय ब्लॅक यांनी न्यूयॉर्कमध्ये आपल्या कार्यालयाच्या खिडकीतून उडी घेऊन जीव दिला. एवढा मोठा माणूस असं का करतो, म्हणून कमिशननं कंपनीचे कागद मागवले. होंडुरासमधला केळ्यांवरचा निर्यात कर कमी व्हावा म्हणून साडेबारा लाख डॉलर दिले गेल्याचं त्यातून बाहेर आलं, आणि एप्रिलमध्ये होंडुरासच्या राष्ट्राध्यक्षांना लष्करानं खाली खेचलं. पुढं लॉकहीड या विमान कंपनीची लफडी बाहेर पडली. ती तर जपानच्या माजी पंतप्रधानांपर्यंत पोचली; काकुएई तानाका यांना जुलै १९७६ मध्ये अटक झाली.

आता अडचण अशी होती की कंपन्या हजारो आणि तपासणारे हात मोजके. स्पॉर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला मार्ग आज जगभर वापरला जातो. कंपन्यांना सांगण्यात आलं, की तुमची चौकशी तुम्हीच करा. बाहेरचे वकील नेमा, स्वतंत्र संचालकांच्या देखरेखीखाली सगळी खाती धुंडाळा, सापडेल ते जाहीर करा आणि पुन्हा असं होणार नाही याची व्यवस्था लावा. असं कराल तर तुमच्याकडं नरमाईनं बघू. चारशेहून जास्त कंपन्या पुढं आल्या. त्यांनी कबूल केलेल्या संशयास्पद रकमांची बेरीज तीस कोटी डॉलरच्या वर गेली.

विरोध अर्थातच झाला. परदेशी अधिकाऱ्याला पैसे देणं तेव्हा अमेरिकेच्या कुठल्याच कायद्यात सरळ गुन्हा म्हणून लिहिलेलं नव्हतं. कंपन्यांचं म्हणणं, उलाढाल अब्जावधींची, त्यात ही चिरीमिरी ती काय! शिवाय तिकडं अशीच पद्धत आहे, आम्ही नाही दिले तर दुसरा कुणी देईल. हा युक्तिवाद आपणही आपल्या तालुक्याच्या कचेरीत ऐकलेला आहे. स्पॉर्किन यांचा आग्रह एकच होता: रक्कम लहान असेल, पण ती लपवणारी वही खोटी आहे, आणि खोटी वही कधीच लहान गोष्ट नसते.

सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी संसदेत हा विषय लावून धरला आणि १९ डिसेंबर १९७७ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी ‘फॉरेन करप्ट प्रॅक्टिसेस ॲक्ट’वर सही केली. या कायद्याचे दोन भाग आहेत. परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं गुन्हा, हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा भाग वह्या खऱ्या ठेवण्याचा आणि आतली आर्थिक नियंत्रणं नीट असण्याचा. त्यात स्पॉर्किन यांचा हात होता, आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा आहे. लाच सिद्ध करायला साक्षीदार लागतो, खोटी नोंद मात्र स्वतःच कागदावर बसलेली असते. या कायद्याचे हात किती लांब आहेत ते आपण पाहिलं आहे. २०१९ मध्ये कॉग्निझंट या कंपनीनं चेन्नईतल्या बांधकाम परवान्यासाठी लाच दिल्याच्या आरोपात सुमारे अडीच कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं, आरोप मान्य न करता आणि न नाकारता.

‘मान्य न करता आणि न नाकारता’ मिटवण्याच्या या पद्धतीचा स्पॉर्किन यांच्या विभागानं मुक्तहस्तानं वापर केला. आपल्या सेबीनं २००७ मध्ये संमती आदेशांची योजना आणली ती याच धाटणीची. वर्षानुवर्षं दावा रेंगाळण्यापेक्षा पैसे वसूल झाले, सुधारणा झाली, हे चांगलंच. पण गुन्हा झाला की नाही हे लोकांना शेवटपर्यंत कळत नाही, हेही खरं. मला ही पद्धत आवश्यक वाटते आणि तरी अपुरी वाटते.

१९८१ मध्ये कमिशनचे माजी अध्यक्ष विल्यम केसी सीआयएचे प्रमुख झाले आणि त्यांनी स्पॉर्किन यांना तिथं मुख्य विधी सल्लागार म्हणून नेलं. नोव्हेंबर १९८५ मध्ये इराणला क्षेपणास्त्रं पोचवण्याच्या कामात सीआयएनं मदत केली, अध्यक्षांची लेखी परवानगी नसताना. मग त्या आधीच घडलेल्या कृत्यांना मागाहून मान्यता देणारा मसुदा अध्यक्षांच्या सहीसाठी स्पॉर्किन यांनी तयार केला. कंपन्यांच्या मागच्या तारखांचे कागद ज्यानं हुडकून काढले असते, त्याच माणसाच्या हातून हे झालं. त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच ही गोष्ट गाळून पुढं जाता येत नाही.

त्यानंतर ते वॉशिंग्टनमध्ये संघीय न्यायाधीश झाले. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि न्याय खातं आपसात तडजोड करून त्यांच्यासमोर आले. त्यांनी ती मंजूर केली नाही. ही जनहिताची नाही, असं त्यांचं मत पडलं. अपील न्यायालयानं त्यांचा निर्णय फिरवला आणि खटलाही त्यांच्याकडून काढून घेतला. स्वतः आयुष्यभर तडजोडी घडवणाऱ्या वकिलानं ही अडवावी, यात मला विसंगती दिसत नाही. तडजोडीच्या टेबलावर काय काय सोडून दिलं जातं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्याआधी, १९९० मध्ये, लिंकन सेव्हिंग्ज या बुडालेल्या संस्थेचा खटला त्यांच्यासमोर चालला. हजारो वृद्धांची आयुष्यभराची पुंजी त्यात गेली होती. निकालपत्रात त्यांनी विचारलं, हे बनावट व्यवहार चालले होते तेव्हा हिशेब तपासनीस आणि वकील कुठं होते? एकानंही आवाज का उठवला नाही?

मार्च २०२० मध्ये स्पॉर्किन गेले. त्यांचा हा प्रश्न मात्र तोवर मुंबईत येऊन पोचलेला होता. जानेवारी २००९ मध्ये सत्यम या कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार चाळीस कोटींची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. सेबीनं लेखापरीक्षकांना जाब विचारला. तुम्हाला हा अधिकारच नाही, असं म्हणत ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१० मध्ये न्यायालयानं सेबीला चौकशी करता येईल असं सांगितलं. जानेवारी २०१८ मध्ये सेबीनं या लेखापरीक्षकांच्या, म्हणजे प्राइस वॉटरहाउसच्या, फर्मवर दोन वर्षांची बंदी घातली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये रोखे अपील लवादानं ती उठवली. हिशेब तपासणाऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकार नक्की कुणाचा, हा वाद घेऊन सेबीचे वकील मग दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेले.