मुलांचा संयम मोजायचा कशाने?

अमुक देशातली मुले जात्याच चिकाटीची, तमुक देशातली उतावळी, अशा बातम्या आपण अधूनमधून वाचतो. ‘संशोधकांना आढळले’ एवढे शब्द दिसले, की आपण मान डोलावतो. मला अशा वेळी एकच प्रश्न पडतो. त्यांनी नेमके मोजले काय?

वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग घ्या. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत त्यांनी तो सुरू केला. मुलासमोर खाऊ ठेवायचा. ‘आत्ताच हवा असेल तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन,’ असे सांगून मोठ्या माणसाने बाहेर जायचे. मार्शमॅलो नावाच्या मऊ मिठाईमुळे हा प्रयोग जगभर गाजला. जास्त वेळ थांबलेली मुले पुढे अभ्यासातही सरस ठरली, असे त्यांना दिसले. मग मुलाच्या थांबण्यावरून त्याचा स्वभाव आणि आईबापांनी लावलेले वळण जोखले जाऊ लागले. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवरून पुन्हा ताळा घेतला, तेव्हा हा संबंध बराच क्षीण निघाला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो आणखी उणावला.

२०२२ साली हीच कसोटी जपानी आणि अमेरिकी मुलांना लावली गेली. खाऊसाठी जपानी मुले बराच वेळ थांबली. अमेरिकी मुलांना दम निघेना. एवढ्यावरच थांबले असते, तर बातमी तयार होती. पण संशोधकांनी काही मुलांपुढे खाऊऐवजी कागदात गुंडाळलेली भेटवस्तू ठेवली आणि चित्र पार उलटले. अमेरिकी मुले खाऊसाठी थांबली त्याच्या जवळजवळ चौपट वेळ भेटीसाठी थांबली. आता दम निघेना तो जपानी मुलांना!

संशोधकांच्या मते हा सवयीचा भाग. जपानमध्ये सर्वांना वाढून झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही. अमेरिकेत नाताळच्या भेटी त्या दिवसापर्यंत उघडायच्या नाहीत. नैवेद्य दाखवेपर्यंत मोदकाला हात न लावणारी मुले आपल्याही घरांत असतात. तीच मुले वाढदिवसाच्या भेटी तिथल्या तिथे फोडतात. मग त्यांना संयमी म्हणायचे, की उतावळी?

श्रोतेहो, म्हणून असे सगळे अभ्यास टाकाऊ ठरत नाहीत. ही चूक दाखवली तीही एका अभ्यासानेच. पण एका खाऊवरून कोणी देशोदेशीच्या आयांना गुण देऊ लागले, तर विचारावे, ‘खाऊऐवजी दुसरे काही ठेवून पाहिलेत का?’