चिंतेची वाटणी करा



आज खता-बियाण्यांवर बोलायचं नाही. आज मनाच्या मशागतीविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आपला अर्धापूर तालुका म्हणजे केळी आणि हळदीचा मुलूख. इसापूर धरणाचं पाणी आलं, बागा वाढल्या. पण बागायती पिकात पैसा आधी मातीत घालावा लागतो आणि तो वर्षानं हाती येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. अशा वेळी घातलेला खर्च डोळ्यांदेखत पाण्यात जातो. मग बँकेचं कर्ज, दुकानदाराची उधारी, मुलीचं लग्न, सगळं एकदम छातीवर बसतं. झोप लागत नाही.

'चिंता करू नका' हे सांगणं सोपं आहे. चिंता येणारच. पण ती नुसती डोक्यात घोळू द्यायची नाही. तिची वाटणी करायची. ती कशी, ते पाहू.

१) कागदावर दोन रकाने पाडा. एकात हातात नसलेल्या गोष्टी लिहा : पाऊस, वारा, बाजारभाव. दुसऱ्यात हातातली कामं लिहा. पहिल्या रकान्यापायी रात्र जागून काढू नका. दुसऱ्यातलं एक काम उद्या सकाळी करा.

२) शेतातलं काम. नुकसानीचे फोटो काढा, तलाठ्याला आणि कृषी सहायकाला कळवून पंचनामा करून घ्या. चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. कललेल्या केळीला बांबूचा टेकू द्या. झाड मोडलं तरी कंद कुजला नसेल तर तो जिवंत असतो. त्याचा एकच जोमदार मुनवा ठेवा, बाकीचे काढा. त्यातून खोडवा उभा राहतो.

३) देण्याचं काम. बँकेपासून तोंड लपवू नका. नैसर्गिक आपत्ती जाहीर झाली, तर पीक कर्जाचं पुनर्गठन करून हप्ते पाडून घेता येतात. त्यासाठी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. परवाना नसताना सावकारी करणं हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं गुन्हा आहे. असा कोणी छळत असेल, तर सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते.

४) घरात बोला. कर्जाचा खरा आकडा कारभारणीला माहीत असू द्या. एकट्याला डोंगर वाटतं ते दोघांत निम्मं होतं. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून गावात आहेत, त्यांना विचारा. खडी फोडायला, रस्त्याच्या कामाला सगळं गाव एकत्र जात होतं. सुकडी आणि मिलोवर दिवस काढले. हाल झाले, पण तोंड लपवून कोणी एकटं बसलं नाही. आजही पारावर, भजनात, शेजारच्या ओट्यावर जाऊन बसा. त्यानं कर्ज फिटत नाही हे खरं; पण फेडायची उमेद टिकते.

५) हे मात्र दुर्लक्षू नका. एखादा माणूस जेवेनासा झाला, बोलेनासा झाला, 'आता जगून काय करू' असं म्हणू लागला, तर त्याला हसण्यावारी नेऊ नका आणि एकटं सोडू नका. 'जिवाचं काही बरंवाईट मनात येतं का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं वाईट होत नाही, मन मोकळं होतं. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत. मन आजारी पडणं म्हणजे नामर्दपणा नव्हे. ताप आला की आपण दवाखाना गाठतो, तसंच हे.

पिकाविषयी काही विचारायचं असेल, तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर आहेच.

बंधूंनो, एक हंगाम गेला तर पुढचा धरता येतो. घरातलं माणूस गेलं तर त्याचा खोडवा येत नाही. तेव्हा आधी जीव सांभाळा, शेत आपण मिळून सावरू.