न विचारलेले प्रश्न बहुतेक आपलेच असतात

(जयसिंगपूर येथे युवकांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'निवडणूक आणि पत्रकारिता'. हा विषय निघाला की आपल्यातला कुणीतरी लगेच म्हणतो, "सोडा हो, सगळे विकले गेलेत." चहाच्या गाड्यावर हे वाक्य चालतं. अभ्यासवर्गात ते चालू नये. कोण विकलं गेलं, कशाच्या बदल्यात, आणि त्यात आपलं काय गेलं, हे सांगता आलं पाहिजे. नाहीतर त्या वाक्याचा फायदा विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाच होतो. सगळेच विकले गेले म्हटलं की प्रामाणिक बातमीदारही त्याच पोत्यात जातो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'ॲक्सेस' हा शब्द रोज कानावर पडतो. कुणाला कुठली माहिती उघडता येईल, हे कुणीतरी ठरवतं. काढून घेतलेला ॲक्सेस डोळ्यांना दिसत नाही, फक्त माणसाचं काम अडतं. राजकारणात पत्रकारांच्या बाबतीत नेमकं हेच होतं. पत्रकाराला धमकावण्याची गरज क्वचित पडते. त्याला जवळ घ्यायचं किंवा लांब ठेवायचं, एवढं पुरतं.

तालुक्याच्या गावात हे कसं चालतं ते बघा. गावातल्या वार्ताहराला वृत्तपत्राकडून मिळणारं मानधन बहुतेक वेळा नावापुरतं असतं. त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. जाहिरात कोण देतं? नेत्याचा वाढदिवस, कारखान्याचा गळीत हंगाम, पतसंस्थेचा वर्धापनदिन, दिवाळीच्या शुभेच्छा. म्हणजे ज्याच्याकडून जाहिरात आणायची, त्याच्याविरुद्धची बातमीही त्याच माणसानं लिहायची. अशा माणसाला निवडणुकीत वेगळं काही सांगावं लागत नाही. उमेदवाराच्या प्रचारयंत्रणेचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यावर फोटोसकट तयार प्रेसनोट येते. दौऱ्यात गाडीत जागा मिळते, सभेनंतर दोन मिनिटं बोलायला मिळतं. अडचणीचा प्रश्न विचारला की ग्रुपमधून नाव जातं आणि पुढच्या दौऱ्याला फोन येत नाही. जाहिरात तर थांबतेच. कुणी कुणाला रागावलेलं नसतं. फक्त ॲक्सेस गेलेला असतो.

याचं मोठं रूप महाराष्ट्रानं २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिलं. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. त्यांच्यावरचा गौरवाचा एक मजकूर लोकमत, महाराष्ट्र टाइम्स आणि पुढारी या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत शब्दशः सारखा आला. 'अशोक पर्व' या नावानं पानंच्या पानं छापली गेली. पी. साईनाथ यांनी हे 'द हिंदू'मध्ये पुराव्यासह मांडलं. चव्हाणांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये आणि केबल वाहिन्यांवर ६,००० रुपये दाखवले होते. एवढ्या पैशांत पुरवणीचा एक कोपरा तरी येतो का, हे जाहिरात देणाऱ्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. पैसे घेतल्याचं वृत्तपत्रांनी नाकारलं, चव्हाणांनीही आरोप फेटाळले. प्रकरण पाच वर्षं चाललं. उमेदवाराचा खर्च खरा की खोटा हे निवडणूक आयोग तपासू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये स्पष्ट केलं. जुलैमध्ये आयोगाचा निर्णय चव्हाणांच्या विरोधात गेला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो रद्द केला. कायद्याच्या भाषेत विषय तिथं संपला.

दरम्यान प्रेस कौन्सिलनं परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीकडून 'पेड न्यूज'चा अहवाल करून घेतला होता. २०१० मध्ये अहवाल तयार झाला, तेव्हा कौन्सिलनं वृत्तपत्रांची नावं असलेला पूर्ण अहवाल न छापता त्याचा सारांश काढला. पूर्ण अहवाल बाहेर यायला माहिती अधिकाराचा आधार घ्यावा लागला. पुढे २०१५ मध्ये विधी आयोगानं पेड न्यूजला निवडणूक गुन्हा ठरवावं अशी शिफारस केली. ती शिफारस कागदावरच आहे.

आता पैशाशिवायचा प्रकार बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये अहमदनगरला भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे कार्यकर्त्यांसमोर बोलत होते. त्याची ध्वनिफीत बाहेर आली. पत्रकारांना चहाला बोलवा, ढाब्यावर न्या, म्हणजे २०२४ पर्यंत विरोधात बातमी येणार नाही, असा त्या बोलण्याचा सूर होता. टीका झाल्यावर त्यांनी खुलासा केला की पत्रकारांशी सन्मानानं वागा एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ते आपण नोंदवून ठेवू. पण एका चहात पत्रकार गप्प बसेल असं एका मोठ्या पक्षाच्या अध्यक्षाला वाटतं, यावरून पत्रकारितेची काय किंमत धरली जाते ते समजतं.

हा एका पक्षाचा रोग आहे असं समजू नका. पंतप्रधान नरेंद्र मोदी १७ मे २०१९ रोजी दिल्लीत पत्रकार परिषदेला बसले, पण प्रश्न अमित शहांकडे वळवले. निवडणुकीच्या काळात त्यांनी निवडक मुलाखती मात्र दिल्या. मुलाखत कुणाला द्यायची हे देणारा ठरवतो. पत्रकार परिषदेत अनोळखी माणूसही उठून प्रश्न विचारू शकतो, तिचा अर्थ तोच आहे. दुसऱ्या बाजूला सप्टेंबर २०२३ मध्ये 'इंडिया' आघाडीनं १४ निवेदकांच्या कार्यक्रमांना प्रवक्ते पाठवायचे नाहीत असं जाहीर केलं. त्या कार्यक्रमांतला द्वेष आपण सोसला आहे, त्यामुळे हा निर्णय ऐकून आपल्यापैकी अनेकांना बरं वाटलं असेल. पण यादी करण्याची सवय एकदा लागली की उद्या त्या यादीत चांगला प्रश्न विचारणाराही येतो. अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये काय झालं? असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था 'मेक्सिकोचं आखात' हे जुनं नाव सोडेना, म्हणून तिच्या पत्रकारांना राष्ट्राध्यक्षांच्या कार्यक्रमांत प्रवेश नाकारला गेला. एका नावासाठी!

यात आपलं काय जातं, हा आजचा खरा मुद्दा आहे.

बातमीची जागा जवळीकीवर ठरू लागली की ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याची जागा जाते. आपल्या मोहल्ल्यातून पूर्ण पानाची जाहिरात जात नाही. म्हणून गटार, शाळा, दवाखाना या कारणांनी आपण बातमीत येत नाही. तणाव झाला की येतो. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात दगडफेक झाली, तेव्हा कॅमेरे पोचले होते. त्याआधीची आणि नंतरची वर्षं त्यांना दिसली नाहीत.

दोन प्रश्न सांगतो. २०१४ मध्ये राज्य सरकारनं अध्यादेशानं मुस्लिमांना पाच टक्के आरक्षण दिलं. मुंबई उच्च न्यायालयानं त्या नोव्हेंबरमध्ये शिक्षणातलं आरक्षण चालू ठेवायला हरकत घेतली नाही. अध्यादेशाचा कायदा झालाच नाही. त्यानंतर जवळपास सगळे मोठे पक्ष सत्तेत येऊन गेले. दुसरा प्रश्न, २०२२ मध्ये केंद्रानं पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची शिष्यवृत्ती बंद केली. कोणत्या उमेदवाराला कोणत्या वार्ताहरानं हे समोरासमोर विचारलं? आठवून बघा. न विचारलेला प्रश्न कुठं छापून येत नाही, त्यामुळे तो गेला हेसुद्धा कळत नाही.

आणि विचारणाऱ्याला काय सोसावं लागतं हेही विसरू नका. राजापूरच्या शशिकांत वारिशे यांनी रिफायनरीच्या वादावर लिहिलं. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांना गाडीनं चिरडलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्यावर होती, त्यालाच पोलिसांनी अटक केली. म्हणून म्हणतो, 'सगळे विकले गेलेत' हे वाक्य जिभेवर येऊ देऊ नका.

मग करायचं काय? आमच्या कामात दोन फायली शेजारी ठेवून कुठं फरक आहे ते तपासतात. निवडणुकीच्या महिन्यात वाचनालयात चार वृत्तपत्रं शेजारी ठेवा. इथं फरक शोधायचा नाही, सारखेपणा शोधायचा. वाक्यं तीच, फोटो तोच आणि जाहिरात असल्याचा उल्लेख नाही, तर कात्रण तारखेसह ठेवा. लोकसभा आणि विधानसभेच्या वेळी जिल्हाधिकारी कार्यालयात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते. पेड न्यूजची तक्रार तिथं लेखी करा आणि पोच घ्या.

दुसरं, प्रश्न आपण तयार करायचे. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचा, नगरपालिकेचे ठराव माहिती अधिकारात मागा. मग वस्तीत सर्व उमेदवारांना एकाच दिवशी, एकाच व्यासपीठावर बोलवा आणि सर्वांना तेच पाच प्रश्न विचारा. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवा आणि फोटो काढा. वार्ताहराला तिथं बोलवा. प्रश्न लोकांनी विचारला की छापणं त्याला सोपं जातं, त्याच्या एकट्यावर येत नाही.

तिसरं, चांगली बातमी केली की त्याला फोन करा. नेता रोज करतो, आपण कधी करतो? आणि हाच नियम आपल्या माणसालाही लावा. आपल्या समाजाचा उमेदवार फक्त आपल्या यूट्यूब चॅनेलला मुलाखत देत असेल, तर तोही तेच करतोय.

जयसिंगपूर शाहू महाराजांनी वसवलं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं, तेव्हा महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्याच 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'नं नकार दिला होता. दोनच महिन्यांत हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला परिषद भरली आणि दोघं एका व्यासपीठावर आले. शंभर वर्षांपूर्वी आपल्या या मुलखात ज्यांना छापील जागा नव्हती, त्यांनी रडत न बसता स्वतःचं पत्र काढलं. आपल्या हातात तर फोन आहे. त्यावर फॉरवर्ड ढकलायचे की प्रश्न लिहायचे, एवढंच ठरवायचं आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकानं एक प्रश्न लिहून आणा. आपल्या प्रभागाचा, नावानिशी, तारखेनिशी.