बेलिफाचा पगार कोण मंजूर करतं?

मैत्रिणींनो, पोटगीच्या केसेससाठी मी बरीच वर्षं बायकांबरोबर कोर्टात जाते आहे. जज्ज चांगले की वाईट, यावर आपण तासन्‌तास बोलतो. आज मला त्यांच्या आसपासच्या माणसांबद्दल बोलायचंय. लघुलेखक, शिरस्तेदार, बेलिफ, समुपदेशक.

अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, अशी दुरुस्ती २००१ साली झाली. २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमातही ती आहे. पण हे ६० दिवस मोजायचे कधीपासून? नवऱ्यावर नोटीस बजावल्यापासून! बेलिफाची जागा रिकामी असेल, एकाच्याच गळ्यात चौघांचं काम असेल, तर नोटीस टेबलावरच पडून राहते. पुढे जज्जनी निकाल दिला तरी तो टाइप व्हायला हवा. सहीशिक्क्याची नक्कल हातात नसेल तर बाईने वसुलीसाठी काय दाखवायचं? तोवर भाडं कोण भरतं, मुलांची फी कोण देतं, हे तुम्हाला सांगायला नको.

आता पैशाचं बघू. उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च घटनेच्या २२९ व्या कलमाप्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीवर 'भारित' असतो. त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. पण आपल्यातल्या किती जणी तिथवर पोचतात? आपण जातो तालुक्याच्या कोर्टात, कौटुंबिक न्यायालयात. तिथला खर्च 'दत्तमत', म्हणजे दर वर्षी विधी व न्याय विभागाच्या मागणीतून सभागृहापुढे येणारा. बऱ्याच मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना मंजूर होतात, ते वेगळंच. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक किती हवेत, हेही १९८४ च्या कायद्याने राज्य सरकारनेच, उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने, ठरवायचं आहे.

जज्जांच्या सोयींवर नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशांना राहायला जागा आणि घरी कामापुरतं ग्रंथालय द्या म्हणून सांगितलं. राज्यांनी खर्चाचं रडगाणं गायलं, फेरविचार मागितला. १९९३ साली न्यायालयाने पैशाची सबब ऐकली नाही. पण तो लढा न्यायाधीशांच्या संघटनेने लढला होता. बेलिफ कमी आहे म्हणून अडलेल्या बाईच्या वतीने कोण जाणार?

अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी प्रत्येक गटाने माहितीच्या अधिकारात आपल्या कोर्टातल्या बेलिफांची, लघुलेखकांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे मागवा. समुपदेशकांचंही विचारा. आकडे आले की तालुकावार तक्ता करू आणि आपापल्या आमदारांच्या हातात देऊ.