माती जळते का?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



भूगोलाच्या एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले, तेव्हा सर्वप्रथम माझी एक चूक आठवली. शिक्षकाने आपली चूक भरसभेत सांगावी की नाही, यावर मतभेद असतील. परंतु आज जे आपणांपुढे मांडायचे आहे, ते मी त्या चुकीतूनच शिकलो; म्हणून ती सांगूनच सुरुवात करतो.

२०१५ सालच्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. नववीच्या वर्गात एक मुलगी प्रश्न विचारायला उभी राहिली. तिचे वडील जहाजावर नोकरीला. आपल्या कोकणात अशी घरे किती आहेत, हे मी आपणांस सांगायला नको. त्यांचे जहाज सिंगापूर बंदरात लागले होते आणि त्यांनी घरी फोन करून सांगितले होते की, इकडे धुरामुळे भरदिवसा समोरच्या इमारती दिसेनाशा झाल्या आहेत. शेजारच्या देशात जमीन पेटली आहे. मुलीने विचारले, "सर, माती जळते का?"

मी हसलो. म्हणालो, "माती कशी जळेल? जंगल पेटले असेल. अब्बांच्या ऐकण्यात काही चूक झाली असेल." वर्गही हसला. मुलगी खाली बसली.

त्याच आठवड्यात मी कोळशाचे प्रकार शिकवले. फळ्यावर चार नावे लिहिली : पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट. मुलांनी ती पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि गुणही मिळवले. पण फळ्यावरचे ते पहिले नाव म्हणजेच त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर होते, हे मला मात्र पुढे कित्येक दिवसांनी, एक लेख वाचताना समजले. विद्यार्थी मित्रांनो, माती जळते. महिनोन् महिने जळते. ती का जळते आणि ती विझवायची कशी, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम पीट म्हणजे काय ते पाहू. घरातील लोणच्याची बरणी डोळ्यांपुढे आणा. तेलाखाली बुडालेल्या फोडी वर्षभर टिकतात. तेलाच्या वर राहिलेल्या फोडीला मात्र लगेच बुरशी येते. पीटचे तसेच आहे. दलदलीच्या जंगलात पाने, फांद्या, मुळे पाण्यात पडतात. साचलेल्या पाण्याखाली हवा पोहोचत नाही, म्हणून ती पुरती कुजत नाहीत. अर्धवट कुजलेल्या या पालापाचोळ्याचा थरावर थर चढत जातो. वाढ वर्षाला एखाददुसरा मिलिमीटर. मीटरभर थर व्हायला कित्येक शतके लागतात, आणि काही ठिकाणी हे थर दहा मीटरांहूनही खोल आहेत. ही माती नव्हेच; हा पाण्यात बुडवून ठेवलेला जळाऊ माल आहे. ओला आहे तोवर निर्धोक, वाळला की सरपण. आयर्लंडमध्ये पिढ्यान् पिढ्या लोक पीटच्या विटा कापून, वाळवून चुलीत घालीत आले, ते याच गुणामुळे.

जगाच्या एकंदर जमिनीपैकी अशी जमीन सुमारे ३ टक्केच आहे. परंतु जगातील सर्व जंगलांच्या झाडाझुडपांत मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक कार्बन या ३ टक्क्यांत साठलेला आहे. म्हणजे ही एक मोठी तिजोरी आहे आणि पाणी हे तिचे कुलूप आहे.

आता हे कुलूप तोडले म्हणजे काय होते, ते पाहण्यासाठी इंडोनेशियात जाऊ. बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडे असलेला भाग म्हणजे कालीमंतान. तेथील मध्य कालीमंतान प्रांतात नद्यांच्या मधोमध पीटची विस्तीर्ण जंगले होती. इंडोनेशियन भाषेत पीटला 'गांबुत' म्हणतात. १९८४ च्या सुमारास तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झालेला तो देश वाढत्या लोकसंख्येमुळे पुन्हा तांदूळ आयात करू लागला होता. तेव्हा १९९५ साली अध्यक्ष सुहार्तो यांनी हुकूम काढला की, या दलदलीच्या दहा लाख हेक्टर क्षेत्रात भातशेती करावी. हेतू वाईट नव्हता. लोकांना भात हवा होता आणि नकाशावर ती जमीन रिकामी, निरुपयोगी दिसत होती.

१९९६ साली काम सुरू झाले. जंगल तोडले गेले. पाणी काढून देण्यासाठी चार हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचे कालवे खोदले गेले. जावा वगैरे बेटांवरून हजारो कुटुंबांना तेथे नेऊन वसवले. परंतु पीटची जमीन घुमटासारखी असते : मधे उंच, नदीकडे उतरती. तिला नदीचे नव्हे, तर पावसाचे पाणी मिळते आणि ते ती स्पंजाप्रमाणे धरून ठेवते. कालव्यांनी घुमट चिरला आणि पाणी नदीला निघून गेले. उरलेली जमीन आम्ल, निकस. भात आलाच नाही. ज्या कुटुंबांनी त्या जमिनीच्या भरवशावर आपले गाव सोडले होते, त्यांच्या हाती काय लागले असेल, याची कल्पना आपण शेतकरी माणसे सहज करू शकतो. १९९९ साली सरकारनेच प्रकल्प बंद केला. कालवे मात्र वाहतच राहिले.

दरम्यान १९९७ साली एल् निनोमुळे पाऊस लांबला आणि ही वाळलेली जमीन पेटली. ही आग भडकत नाही, ती आत धुमसते. वरून पाणी मारले तरी ती खाली जिवंत राहते आणि चार दिवसांनी दुसरीकडे तोंड काढते. मोठा पाऊस येऊन जमीन पुन्हा भिजेपर्यंत ती पुरती विझत नाही. त्या एका वर्षी इंडोनेशियाच्या पीट व जंगलांतून किती कार्बन हवेत गेला, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी २००२ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडला. जगभर कोळसा व तेल जाळून दरवर्षी सरासरी जेवढा कार्बन हवेत जात असे, त्याच्या १३ ते ४० टक्के!

२०१५ साली पुन्हा तेच. सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले. जागतिक बँकेने देशाच्या नुकसानीचा अंदाज १६ अब्ज डॉलर केला. हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक ३०० च्या पुढे गेला की धोका मानतात. मध्य कालीमंतानच्या राजधानीत, पालांगकाराया येथे, तो १००० च्याही वर गेला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मलेशिया आणि सिंगापूर येथेही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आमच्या मुलीच्या अब्बांनी बंदरावरून पाहिला, तो हाच धूर.

आणि आग लागली नाही तरी नुकसान थांबत नाही. पाणी उतरले की पीटला हवा लागते, बरणीतल्या वरच्या फोडीप्रमाणे ते कुजू लागते आणि जमीन दरवर्षी काही सेंटिमीटर खचते. मिलिमीटराने साठलेले सेंटिमीटराने जाते. हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, हे सांगायला गणिताचा शिक्षक नको.

मग यावर उपाय काय? उपाय समजायला सोपा आहे : जे पाणी काढले ते परत आणायचे. आपल्या वाडवडिलांनी खाडीकाठी बांध घातले, ते खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी आणि आत भात पिकवण्यासाठी. तिकडे आता बांध घालतात, ते पावसाचे पाणी आत अडवण्यासाठी. कालव्यात लाकडी खांबांच्या ओळी ठोकून मधे मातीची पोती भरतात. जास्तीचे पाणी जायला वाट ठेवतात, नाहीतर पहिल्याच पावसात बांध वाहून जातो. एका बांधाने थोड्याच अंतरापर्यंत पाणी तुंबते, म्हणून एकामागून एक असे अनेक बांध लागतात. सबांगाउ हे साडेपाच लाख हेक्टरांहून मोठे पीटचे जंगल २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. ते ओरांग-उटान वानरांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे पूर्वी लाकूड वाहून नेण्यासाठी खोदलेल्या चरांवर असे शेकडो बांध घातले गेले.

२०१५ च्या आगीनंतर, जानेवारी २०१६ मध्ये, इंडोनेशिया सरकारने पीट पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली आणि २० लाख हेक्टरांचे लक्ष्य ठेवले. तिच्या कामाचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी जमीन भिजवणे, मग झाडे लावणे आणि त्याबरोबरच तेथील लोकांच्या पोटापाण्याची सोय. झाडेही ओल्यात वाढणारीच हवीत. जेलुतुंग हे त्यांतले एक, ज्याच्या चिकापासून पूर्वी च्युइंगम बनवीत. पुरून नावाच्या लव्हाळ्यापासून तेथील स्त्रिया चटया आणि टोपल्या विणतात. जमीन ओली राहिली तरच हे धंदे चालतात.

लोकांना वगळून केलेले काम टिकत नाही, हाही धडा तेथे मिळाला. कालवे म्हणजे गावकऱ्यांचे होडीचे रस्ते झाले होते. न विचारता रस्ता बंद केला, तेव्हा काही ठिकाणी लोकांनीच बांध फोडले. मग होडी ओलांडता येईल अशी सोय ठेवून बांध घालावे लागले. २०१६ सालीच इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनेही फतवा दिला की, ज्यामुळे नासधूस, प्रदूषण, दुसऱ्यांचे नुकसान आणि आरोग्याला अपाय होईल, असे जंगल व जमीन जाळणे हराम आहे. सरकारचा कायदा, शास्त्रज्ञांची मोजमापे आणि मशिदीतला उपदेश या तिन्हींची गरज एका ओल्या जमिनीसाठी पडली!

काम संपले आहे काय? नाही. २०१९ साली पुन्हा मोठ्या आगी लागल्या. २०२० साली त्याच जुन्या प्रकल्पाच्या काही भागात पुन्हा भातशेतीची योजना जाहीर झाली. हजारो वर्षांचा थर एका पिढीत परत येत नाही. पुनरुज्जीवन म्हणजे गेलेले परत मिळवणे नव्हे. उरलेले जाऊ न देणे, हा त्याचा पहिला अर्थ आहे. म्हणूनच दुरुस्तीपेक्षा जपणूक स्वस्त.

आपल्या कोकणात पीटची जंगले नाहीत. पण खाडीकाठचा खारफुटीचा चिखल आपण रोज पाहतो. त्या चिखलातही हवा शिरत नाही आणि तोही कार्बन धरून ठेवतो. मासळीची पिल्ले तेथे वाढतात आणि उधाणाचा जोर तेथे मोडतो. पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर गावी झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. त्या यादीत आज आपल्या महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी आहेत. पण गावच्या तळ्याचे आणि पाणवठ्याचे नाव कोणत्याच यादीत नसते. त्याची राखण गावानेच करायची असते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. घराचा पाया खणताना निघालेला भराव 'पडीक जागा' म्हणून पाणथळात टाकण्यापूर्वी एकदा विचारा : ही जागा काय काम करते? पावसाचे पाणी कुठे थांबते, विहिरीला झरा कुठून येतो? विद्यार्थ्यांना सांगतो, येत्या २ फेब्रुवारीला जवळच्या पाणथळावर वही घेऊन जा. पाणी किती आहे, पक्षी कोणते, कडेने काय उगवले आहे, ते लिहा. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा लिहा. हाच खरा भूगोल.

शेवटी त्या मुलीविषयी. ती दहावी पास होऊन गेली. गेल्या वर्षी दाखला नेण्यासाठी शाळेत आली, तेव्हा मी तिला थांबवून म्हणालो, "तुझ्या अब्बांचे बरोबर होते. चूक माझी होती." ती म्हणाली, "ठाऊक आहे, सर. घरी आल्यावर त्यांनी मला फोटो दाखवले होते. पण वर्गात परत विचारायला मला लाज वाटली."

बंधु-भगिनींनो, निरुपयोगी म्हणून जमीन बाजूला सारण्यात आणि वेडगळ म्हणून मुलाचा प्रश्न बाजूला सारण्यात फारसा फरक नाही. दोन्हींत काय साठले आहे, ते आपण पाहिलेले नसते. आता माझ्या वर्गात कोणी विचित्र प्रश्न विचारला, तर मी हसत नाही. "उद्या पाहून सांगतो" असे म्हणतो. आपणही घरी तसेच म्हणावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.