एका कबुलीचे पाठभेद

शेजाऱ्याचा छळ होत असता जो मौन धरतो, त्याच्यावर पाळी आली म्हणजे त्याच्यासाठी बोलणारा कोणी उरत नाही, या आशयाचे मार्टिन निमोलर या जर्मन धर्मोपदेशकाचे वचन पुष्कळांच्या परिचयाचे आहे. मात्र प्रथम कोणाला धरून नेले, या प्रश्नाचे उत्तर देशोदेशी निरनिराळे मिळते. जुन्या पोथ्यांतील पाठभेद लेखनिकांच्या हातून होतात. येथे तर मूळ पोथीच नाही! महायुद्धानंतरच्या भाषणांतून निमोलर हा विचार वेगवेगळ्या शब्दांत मांडीत गेले आणि त्याला कवितेचा घाट पुढे इतरांनी दिला.

हे निमोलर काही जन्मतः बंडखोर नव्हते. पहिल्या महायुद्धातील पाणबुडीचे ते अधिकारी. कम्युनिस्टांविषयी त्यांना तिटकारा होता आणि १९३३ च्या मार्चमध्ये त्यांनी हिटलरच्या पक्षालाच मत दिले होते. ज्यूंविषयीचे त्यांचे पूर्वग्रहही लपलेले नव्हते. सरकारने चर्चच्या कारभारात हात घातला, ज्यू वंशातून आलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांना दूर करण्याचा घाट घातला, तेव्हा ते विरोधास उभे राहिले. १ जुलै १९३७ रोजी त्यांना अटक झाली आणि खटल्यानंतर १९३८ पासून १९४५ पर्यंत त्यांचे आयुष्य साक्सनहाउझेन व डाखाउ येथील छळछावण्यांत गेले.

सुटकेनंतर पत्नीसह ते डाखाउ पाहावयास गेले. दहनभट्टीजवळच्या फलकावर १९३३ ते १९४५ ही वर्षे लिहिलेली होती. १९३७ नंतरचा हिशेब त्यांना देता येत होता, कारण ते स्वतःच कैदेत होते. पण त्या आधीची चार वर्षे ते कोठे होते? हा प्रश्न त्यांना सोडीना. वचनाचा उगम समजून घ्यावयाचा तर तो या चार वर्षांत शोधावा लागतो.

म्हणूनच त्यांतील क्रम हा केवळ वाक्यरचनेचा भाग नव्हे. १९३३ च्या फेब्रुवारीअखेर राइशटागची इमारत जळाली आणि कम्युनिस्टांची धरपकड झाली. २ मे रोजी कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेण्यात आली. जूनमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षावर बंदी आली. १९४६ च्या जानेवारीत फ्रँकफुर्ट येथे बोलताना निमोलर यांनी कम्युनिस्टांबरोबर असाध्य रोग्यांचाही उल्लेख केला. ज्यांच्याविषयी बोलणाऱ्याला आणि श्रोत्यांना फारसे ममत्व नव्हते, नेमकी तीच माणसे त्यांनी पुढे आणली. कबुलीची धार तेथे होती.

वचन अमेरिकेत रुजले तसे हे काटे झडू लागले. शीतयुद्धाच्या काळात कम्युनिस्टाचे नाव सभेत घेणे अवघड होते, हे समजण्यासारखे आहे. परंतु ते युद्ध संपल्यावरही, १९९३ मध्ये उघडलेल्या वॉशिंग्टनच्या ज्यू-संहार स्मारक संग्रहालयातील पाठ समाजवाद्यांपासूनच सुरू झाला. बोस्टनच्या १९९५ च्या स्मारकावर कम्युनिस्ट आहेत. तेथे कॅथलिकही आले. ज्याला जो पीडित आपला वाटला, त्याने तो घातला. नवे नाव घालणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो, पण त्यायोगे कबुलीचा उपदेश होतो, आणि उपदेश नेहमी दुसऱ्यासाठी असतो.

१९७६ मध्ये निमोलर यांनाच या वचनाविषयी विचारण्यात आले. त्याची लेखी प्रत नव्हती, शब्द वेगळेही असू शकतील, असे त्यांनी सांगितले. १९८४ मध्ये ते वारले. वॉशिंग्टनच्या त्या पाठात त्यांचा पहिला कैदी अजून भेटत नाही.